एका देशाची हवामान-असुरक्षितता मोजताना : माझा अनुभव

हवामानाच्या आपत्तींपुढे एखादा देश पूर्वीपेक्षा सावरलाय की आणखी उघडा पडलाय, हे आकड्यांतून बघायचं मी ठरवलं आणि बांगलादेश निवडला. तिथल्या वादळांच्या नोंदी जुन्या आहेत आणि त्यांतला फरक डोळ्यांत भरतो. 1970 च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली. 1991 च्या एप्रिलमध्ये चितगावच्या किनाऱ्यावर 1 लाख 30 हजारांहून जास्त. 2007 च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास, आणि 2020 च्या अम्फानमध्ये बांगलादेशातल्या मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला.

आधी तयार निर्देशांक पाहिले. नोत्र दाम विद्यापीठाचा एनडी-गेन अन्न, पाणी, आरोग्य, परिसंस्था, वस्ती आणि पायाभूत सुविधा असा सगळा पसारा एका गुणात आणतो. देशादेशांची तुलना करायला तो बरा आहे. पण त्याची मालिका 1995 पासूनची, म्हणजे मला ज्या दोन वादळांपासून सुरुवात करायची होती ती दोन्ही बाहेरच. शिवाय गुण थोडा सुधारला तर नेमकं काय सुधारलं, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

मग ईएम-डॅट उघडला. बेल्जियममधल्या लुवँ विद्यापीठातलं केंद्र 1988 पासून हा आपत्तींचा साठा सांभाळतं. दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक, यांपैकी एक गोष्ट असली की घटना नोंदली जाते. इथे एक पथ्य पाळावंच लागतं. जुन्या काळातल्या लहान आपत्ती नोंदीतून निसटलेल्या असतात, त्यामुळे आपत्तींची संख्या वाढलेली दिसली म्हणून लगेच धोका वाढला असं म्हणता येत नाही. मी मोजदाद मोठ्या चक्रीवादळांपुरतीच ठेवली.

खरा वेळ गेला तो भागाकारात. मृत्यू कशाने भागायचे? अख्ख्या देशाच्या लोकसंख्येने भागलं, तर वादळाचा वाराही न लागलेली उत्तरेकडची माणसं हिशेबात येतात. भागायला हवं ते वादळाच्या वाटेत सापडलेल्या माणसांनी. सिद्रसाठी हे जमतं, कारण वादळाचा मार्ग उपलब्ध आहे आणि लोकसंख्येचे चौकटीवार नकाशेही आहेत. 1970 साठी मात्र 1961 आणि 1974 च्या जनगणनांमधून अंदाज काढायचा. त्यात आज स्वतंत्र जिल्हा असलेलं भोला तेव्हा बाकरगंज जिल्ह्यात होतं. आजच्या जिल्ह्यांची यादी समोर धरून जुने तक्ते वाचले तर काहीच जुळत नाही. उपविभागांचे जिल्हे झाले ते 1984 च्या सुमारास, हे ध्यानात घेऊन एकेक ओळ जुन्या हद्दीत बसवावी लागली. कंटाळवाणं काम, पण याच्याशिवाय पुढचं सगळं पोकळ.

एवढं झाल्यावरही वादळाचा जोर उरतोच. 1991 चं वादळ ऐन भरतीला धडकलं. सिद्रच्या वाटेत सुंदरबनचं जंगल आडवं आलं. म्हणून मृत्युदरातली सगळी घट माणसांच्या तयारीच्या नावावर टाकणं मला पटत नाही. पण तयारी खोटीही नाही. 1972 पासून चालत आलेली स्वयंसेवकांची इशारा यंत्रणा आणि किनाऱ्यावरचे निवारे यांनी माणसं वाचवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोच काळ शेजारच्या म्यानमारमध्ये पाहिला तर 2008 च्या नर्गिसमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे 1 लाख 38 हजार. सिद्रनंतर सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जे दिसतं, ते कुठल्याही निर्देशांकाने मला इतकं स्पष्ट दाखवलं नाही.

आणि तरीही मृत्यूंची रेघ उतरली म्हणून देश सुरक्षित झाला असं मी लिहू शकलो नाही, ते आयलामुळे. मे 2009 च्या या वादळात बांगलादेशात दोनशेच्या आत मृत्यू झाले. माझ्या आलेखावर तो एक बारीकसा ठिपका आहे. पण खुलना आणि सातखीरा भागात बांध फुटले, खारं पाणी शेतांत शिरलं, आणि भरती-ओहोटीबरोबर ते आत-बाहेर होत राहिलं. कित्येक कुटुंबं महिनोन्‌महिने उरलेल्या बांधांवरच राहिली. जमीन खारावली, गोड्या पाण्याची तळी नासली, कमावती माणसं शहराकडे गेली. माणूस जिवंत राहिला, पण पुढच्या वादळाला तोंड द्यायला त्याच्या हातात आधीपेक्षा कमी उरलं. असुरक्षितता वाढली ती अशी, आणि मृत्यूंच्या रकान्यात तिची नोंदच नाही.

म्हणून शेवटी मी एक गुण काढलाच नाही. वाटेत सापडलेल्या दर लाख माणसांमागे मृत्यू ही एक रेघ, किनाऱ्यावरची लोकसंख्या ही दुसरी. तिसरी रेघ उपजीविकेची, म्हणजे किती शेती किती हंगाम पडीक राहिली. पहिली रेघ झपाट्याने उतरते. तिसरीसाठी अजून तालुकावार पिकांचे जुने आकडे गोळा करतोय, आणि आयलाच्या पट्ट्यापुरती ती भरत आली आहे.