आमची वाटचाल : दिंडोरीच्या काडीपासून घोटीच्या तुसापर्यंत

आमची फर्म चार जणांची, ऑफिस नाशिकच्या सातपूरला. गावापुरता बायोमास (म्हणजे शेतातली काडी, भुसा, तूस) वापरून वीज करणारा प्लांट कुठे टाकायचा आणि किती किलोवॅटचा, एवढंच ठरवून द्यायचं काम आम्ही करतो. आधी सोलर हीटर बसवायचो, त्यातून इकडे वळलो.

पहिलं काम दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाच्या छाटलेल्या काडीवर 100 किलोवॅट. गॅसिफायरला, म्हणजे काडी कमी हवेत जाळून इंजिनसाठी गॅस करणाऱ्या यंत्राला, एका युनिट विजेसाठी साधारण सव्वा ते दीड किलो वाळलेली काडी लागते, म्हणजे रोज 8 तास चालवला तरी टनभर हवीच. बागांचं क्षेत्र आणि एकरी काडी यांचा गुणाकार केला, काडी भरपूर दिसली, आम्ही खूश! मग ऑक्टोबर छाटणीला बागेत जाऊन उभे राहिलो तर एक बाबा म्हणाले, "अहो साहेब, काडीची कुट्टी करून आम्ही वेलींच्या बोदावरच टाकतो, जमिनीला लागते ती. तुम्हाला कुठून देऊ?" बरोबरच होतं त्यांचं. घरोघर विचारत फिरलो, कोण कुट्टी करतं, कोण चुलीला नेतं, कोण बांधावर पेटवून देतं, तेव्हा कळलं की आपल्या हाती येणारी काडी निम्मीसुद्धा नाही. प्लांट 40 किलोवॅटवर आणला.

ओल हा दुसरा धडा. 10 किलो हिरवी काडी स्लॅबवर पसरली आणि रोज वजन करत गेलो, वाळून सहा किलोच्या आसपास येऊन थांबली. ओल 20 टक्क्यांच्या वर असली की गॅसमध्ये डांबर वाढतं, इंजिनचे व्हॉल्व्ह चिकटतात, आणि काडीला अडकलेली सुतळी-प्लास्टिकची पट्टी काडी आत सोडणाऱ्या फीडरमध्ये गुंडाळली जाते ती वेगळीच, ती हाताने वेचावी लागते. त्यात काडी मिळते फक्त एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला, मधल्या महिन्यांचा साठा करायचा तर शेड इंजिनच्या खोलीच्या कितीतरी पट मोठी लागते, हे पहिल्या अंदाजपत्रकात आम्ही धरलंच नव्हतं.

जागेचं म्हणाल तर नकाशावरचं अंतर आता आम्ही बघतच नाही. पेठ-सुरगाण्याकडे समोर दिसणारं गाव ट्रॅक्टरने घाट उतरून वळसा घालून दुप्पट लांब पडतं आणि मोकळा भुसा तर हलका, ट्रॉली दिसते भरलेली पण वजन काहीच नाही, भाडं मात्र पूर्ण ट्रॉलीचं. म्हणून आता आधी ट्रॅक्टरवाल्या दादांशी बोलतो, मग जागा बघतो. विजेचंही तसंच, रात्रीच्या दिव्यांवर प्लांट चालत नाही, दिवसा पिठाची गिरणी, पाण्याचा पंप असं काहीतरी जवळ लागतंच.

सध्या घोटीला काम चालू आहे. तिथे राईस मिल खूप, भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तूस निघतं, तेही वाळलेलं आणि एका जागी. पण तुसाची राख खूप, काडीचा गॅसिफायर तिथे चालत नाही, जाळी आणि राख काढायची सोय वेगळी लागते. शिवाय वीटभट्टीवाले आधीपासून तूस नेतात, त्यांच्याशी भांडून आम्हाला ते नकोय. म्हणून भट्ट्या बंद असतात त्या पावसाळ्यात मिलवाल्यांकडे किती तूस पडून राहतं ते या जून-जुलैत स्वतः मोजणार आहोत, किलोवॅटचा आकडा त्यानंतरच सांगू असं गावाला स्पष्ट सांगितलंय.