७५ ओलांडलं एकदाचं, पण सातवी खुर्ची गेली

एलिट डेंजरस या अंतराळ-गेममध्ये टिकनंतर (गेम रोज आकडे बदलतो ती वेळ) आपल्या फॅक्शनचा, म्हणजे गटाचा, आकडा बघितला: ७५.३. एवढ्या जोरात ओरडलो की आईला वाटलं लाइट आली.

मागच्या पोस्टमध्ये रडलो होतो ते हेच. एक्स्पान्शनला, म्हणजे जवळच्या दुसऱ्या सिस्टीममध्ये (तारा आणि त्याभोवतीची स्टेशनं) पसरायला, ७५ टक्के इन्फ (सिस्टीममधला प्रभाव) लागतो आणि आपली फॅक्शन अकरा दिवस कधी ७३.८, कधी ७४.४. तिघं मिळून रोज पंधरा-वीस मिशनं, सगळी पाच प्लसवाली (जास्तीत जास्त इन्फ देणारी), तरी सकाळी जैसे थे. आधी मी लोकसंख्येला दोष दिला; मोठ्या सिस्टीमचा आकडा जड हलतो हे खरंच आहे. मग वाटलं, कोणी कमांडर (दुसरा खेळाडू) गुपचूप विरोधात खेळतोय. चाळीसगावच्या दादाने दोन रात्री स्टेशनबाहेर पहारा दिला. चिटपाखरू नाही.

शेवटी त्यानेच संपलेल्या मिशनचा तपशील नीट वाचला. कुरिअरची मिशनं जवळ पडतात म्हणून आम्ही त्याच सिस्टीममधल्या दुसऱ्या स्टेशनवर पोचवत होतो. आणि घेणाऱ्या फॅक्शनलाही इन्फ मिळतो! सगळ्यांची बेरीज शेवटी शंभरच. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. "भो, आपणच त्यांचा प्रचार करून राहिलो ना!"

त्यानंतर चार दिवस फक्त बाहेरच्या सिस्टीमची मिशनं, थोड्या बाउंट्या (गुन्हेगार मारल्याची बक्षिसं), आणि माझा साठवलेला एक्सप्लोरेशन डेटा आपल्या ताब्यातल्या स्टेशनवर विकला. त्यातही ऐन डॉकिंगला लाइट गेली. 'दोन तास आरामात' म्हणून इन्व्हर्टर विकणाऱ्याला भुसावळच्या ४४ अंशात पंख्याशिवाय बसवायला हवं.

इनारा या वेबसाइटच्या आकड्यावर विसंबू नका. कोणी ईडीएमसीसारखं (गेममधली माहिती बाहेर पाठवणारं) अ‍ॅप चालू ठेवून त्या सिस्टीममध्ये गेला तरच तो बदलतो. हे मी आत्ताच भोगलंय: जवळच्या ज्या सिस्टीमवर डोळा होता, तिथे इनारावर सहाच फॅक्शन. स्वतः गेलो तर सातवी येऊन बसलेली. एका सिस्टीममध्ये सातच मावतात, म्हणजे हाउसफुल्ल. २० प्रकाशवर्षांच्या घनात पुढचा पर्याय म्हणजे एक आउटपोस्ट (छोटं स्टेशन), जहाज उतरवायला मोठं पॅड नाही. माझा टाइप-९ (मोठं मालवाहू जहाज) उतरवू कुठे?

तरी पेंडिंगचे (एक्स्पान्शन सुरू होण्याआधीचे) पाच दिवस आहेत, तेवढ्यात तिथल्या... थांबा. ती सातवी तिथली मूळची नाही. मूळच्यांना हलवता येत नाही, पण ही पाहुणी आहे आणि ३.१ वर आहे. २.५ टक्क्यांच्या खाली गेली की रिट्रीट, म्हणजे माघार! बाकीच्या सहांना वर चढवलं की ही आपोआप घसरेल.

दादाला फोन केला. म्हणतो, आमरस खाऊन येतो. तोवर मी पायथन (माझं दुसरं जहाज) काढतो. कुरिअर कुणाच्या दारात जातंय ते आधी वाचून.