कारणाचा रकाना

वनखात्याकडून शवविच्छेदनासाठी आलेले पांढऱ्या पुठ्ठ्याचे, म्हणजे पाठीचा मागचा भाग पांढरा असलेल्या जातीचे, ते गिधाड पूर्ण वाढीचे होते. छातीचे स्नायू भरलेले आणि हृदयाभोवतीची चरबी शाबूत होती. म्हणजे उपासमार नव्हती, फार दिवसांचे दुखणेही नव्हते. पोकळी उघडताच हृदयावरणावर आणि यकृतावर खडूची पूड सांडावी तसा पांढरा थर दिसला. मूत्रपिंडे सुजून फिकट झालेली होती. मूत्रपिंडे निकामी झाली की पक्ष्यांच्या रक्तातले युरिक आम्ल असे अवयवांवर साचते. त्याला आम्ही व्हिसरल गाउट म्हणतो.

मरणापूर्वी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावराचे मांस खाल्लेल्या गिधाडाची गत अशीच होते, हे २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, पण तोवर या जातीची नव्याण्णव टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. वर्षाला एकच अंडे घालणारा हा पक्षी असली तूट भरून काढू शकत नाही, हे घरटी पाहत हिंडणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

युरेटचे, म्हणजे साचलेल्या युरिक आम्लाच्या क्षाराचे, स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे, तर ऊतीचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्येच ठेवावा लागतो. सवयीने सगळे फॉर्मेलिनच्या बरणीत टाकले, तर त्यातल्या पाण्यात स्फटिक विरघळतात आणि काचपट्टीवर नुसत्या रिकाम्या जागा उरतात. माझ्या काचपट्ट्यांवर ते किरणांसारखे पसरलेले स्वच्छ दिसले. मात्र गाउट हा परिणाम झाला. तीव्र निर्जलीकरणानेही तो होतो. तो औषधाने झाला का, हे ठरवायला गोठवलेले यकृत आणि मूत्रपिंड रासायनिक तपासणीला जावे लागते. मी ते बर्फात बांधून दिले. जोडून आलेल्या सुट्यांत खोके आवक-जावक विभागात पडून राहिले आणि प्रयोगशाळेने वितळलेला नमुना परत पाठवला. जिवंत वाघासाठी रात्री गाडी मिळते, मेलेल्या गिधाडासाठी दिवसाही मिळत नाही.

अर्थात डायक्लोफिनॅक सापडले असते, तरी जनावराला नेमके कोणते औषध टोचले होते, हा प्रश्न मिटला नसता. ॲसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचे गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते, म्हणून २०२३ मध्ये त्यावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषध हाताशी असताना हे घडावे, याचा मला अधिक संताप येतो.

अहवालाच्या रकान्यात ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहावे, असे मला सुचवण्यात आले. मी लिहिले: ‘मूत्रपिंडे निकामी, व्हिसरल गाउट, वेदनाशामक औषधाचा संशय, अवशेष-तपासणी झालेली नाही.’ ‘संशय’ काढा, म्हणून पुन्हा निरोप आला. तो शब्द मी ठेवला. गिधाडाने खाल्लेले जनावर कोणाचे होते आणि त्याला शेवटचे इंजेक्शन कोणी दिले, हे विचारायला मात्र त्या छापील नमुन्यात जागाच नाही. म्हणून ते प्रश्न मी सोबतच्या पत्रात घातले. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.