आधी जुळणी कळू द्या
माझ्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे निरोगी रक्त तयार न होण्याचा आनुवंशिक आजार आहे, हे तो आठ महिन्यांचा असताना कळले आणि तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. मूलपेशी प्रत्यारोपणाने, म्हणजे जुळणाऱ्या दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी रुग्णाला देऊन, हा आजार बरा होऊ शकतो, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. मात्र त्याआधी कोणाच्या पेशी त्याच्याशी जुळतात हे पाहण्यासाठी घरातल्या सगळ्यांची एचएलए तपासणी करावी लागेल आणि तिला माणशी काही हजार रुपये पडतील, हे ऐकल्यावर ताई-भावोजींनी तो विषय लांबणीवर टाकला. ती चार वर्षे मला अजून सलतात, कारण सतत रक्त चढवल्याने यकृतात लोह साठत जाते आणि ते होण्याआधी, लहान वयात केलेले प्रत्यारोपण यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते.

शरीर आपले-परके ओळखते ते पेशींवरच्या एचएलए प्रथिनांवरून. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्यामुळे बहुधा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, एक गठ्ठा आईकडून आणि एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. रक्तगट सारखा असणे म्हणजे जुळणी नव्हे, हे नातेवाइकांना मला पुन्हापुन्हा सांगावे लागले.

आता प्रत्येक नमुन्याच्या डीएनएला वेगळी खूण जोडून शेकडो नमुने यंत्रात एकाच वेळी वाचता येतात, त्यामुळे दर नमुन्यामागचा खर्च बराच उतरला आहे. गेल्या वर्षी एका मोफत शिबिरात त्याच्या बहिणीचा, म्हणजे माझ्या भाचीचा नमुना घेतला, तेव्हा सुईसुद्धा लागली नाही. स्वयंसेविकेने कापसाची काडी तिच्या गालाच्या आतून फिरवली, हवेत वाळू दिली आणि बारकोड लावलेल्या पाकिटात ठेवली. ‘दुखेल का?’ असे विचारणारी भाची गुदगुल्यांनी हसू लागली.

स्वस्त तपासणीचे मोल घरापुरते नाही. चेन्नईत 2009 साली सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या मूलपेशीदात्यांच्या नोंदणीत येणाऱ्या प्रत्येक दात्याचेही एचएलए तपासावे लागते. जगभरात चार कोटींहून अधिक दाते नोंदलेले असले, तरी भारतीय रुग्णाला जुळणारा दाता बहुतेकदा भारतीय वंशाच्या लोकांतच सापडतो आणि आपल्याकडची नोंदणी लोकसंख्येच्या मानाने फारच तोकडी आहे. निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या भावंडांची तपासणी पहिल्याच वर्षी, पालकांच्या खिशाला हात न लावता व्हावी, असे मला मनापासून वाटते.

अहवालात भाचीचे दहापैकी पाचच एचएलए घटक जुळले, म्हणजे जुळणी निम्मीच. आता नोंदणीतल्या दात्यांमध्ये शोध चालू आहे आणि भाच्याला सहावे वर्ष लागले आहे.