तुम्ही विचारलंत म्हणून : पडण्याचा आवाज

समकालीन नृत्याचे प्रयोग पडद्यावर घरबसल्या दिसत असताना तुम्ही नाट्यगृहात जाण्याचा एवढा आग्रह का धरता, आणि तिथे बसून नेमके कळते तरी काय, असे मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

मी तिथे जाते ती मुख्यतः माणसाच्या देहाचे वजन पाहण्यासाठी. बॅलेने शतकानुशतके हे वजन लपवण्याची कला जोपासली. नर्तकी पायाच्या बोटांवर उभी राहिली की तिला जमिनीची गरजच नाही असे वाटावे, हा त्यामागचा ध्यास होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही नर्तकांनी ही दिशा बदलली. मार्था ग्रॅहम यांनी धड आवळणे आणि सैल सोडणे यांतून आपले तंत्र घडवले, तर डोरिस हम्फ्री यांनी तोल जाणे आणि तो सावरणे या दोन टोकांमधल्या अवस्थेलाच नृत्य मानले. तेव्हापासून जमीन ही नृत्यातली जोडीदार झाली, आणि आज आपण ज्याला समकालीन नृत्य म्हणतो त्यातले बरेच काही या नात्यावर उभे आहे.

हे नाते चित्रफितीत फार थोडे उतरते. नर्तक उंचावरून पाठीवर कोसळतो तेव्हा पडद्यावर आपल्याला एक आकृती आडवी झालेली दिसते; प्रेक्षागृहात मात्र मंचाच्या लाकडी फळ्यांचा दणका आपल्या तळपायांपर्यंत येतो, आणि ती व्यक्ती पुन्हा उठेपर्यंत आपण श्वास रोखून धरला होता हे नंतर लक्षात येते. संगीत थांबलेले असेल तर नर्तकांचे धापा टाकणे ऐकू येते. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांनी 1975 मध्ये संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या संगीतावर केलेल्या नृत्यरचनेत रंगमंचभर माती पसरलेली असते, नर्तक जसजसे दमतात तसतशी ती त्यांच्या घामाने भिजलेल्या अंगाला आणि कपड्यांना चिकटत जाते, म्हणजे थकवा तिथे अभिनयाने दाखवावा लागत नाही, तो खरोखरच येतो. असा थकवा समोर बसून पाहण्यात आणि त्याचे चित्रण पाहण्यात फार अंतर आहे.

दुसरे कारण नजरेच्या स्वातंत्र्याचे आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी रंगमंचाला मध्यबिंदू असतो ही कल्पनाच नाकारली. त्यांच्या रचनांत चार कोपऱ्यांत चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, आणि कोणती पाहायची हे प्रेक्षकाने ठरवायचे असते. कॅमेरा ही निवड आपल्या वतीने आधीच करून मोकळा होतो. कॅमेऱ्याविषयी मला आकस नाही. स्वतः कनिंगहॅम यांनी खास त्याच्यासाठी नृत्ये रचली आणि ती त्याच दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. परंतु रंगमंचासाठी रचलेले नृत्य चौकटीत कापून घेतले, की विंगेजवळ नुसता उभा राहून वाट पाहणारा नर्तक दिसेनासा होतो, आणि मला तर पुष्कळदा तोच पाहायचा असतो.

‘कळण्या’बद्दल थोडेच सांगते. कथा शोधत बसलात तर निराश व्हाल, कारण अनेकदा ती नसतेच. कोण कोणाच्या आधाराने उभे आहे, कोणी आपला भार दुसऱ्यावर पूर्णपणे टाकला आणि कोणी हातचा राखून ठेवला, हे पाहू लागलात की पुढचे आपोआप उलगडते. ही वाचनशक्ती प्रत्येकापाशी असते. घरात कोणी दाराशी नुसते थबकले तरी त्याच्या मनात काय आहे ते आपण ओळखतोच.

आपल्याच शहरातल्या कलावंतांचे प्रयोग पाहण्यात आणखी एक आनंद आहे, तो म्हणजे तोच देह वर्षानुवर्षे पाहता येण्याचा. एक नर्तकी मी अनेक वर्षांपासून पाहते आहे. पूर्वी ती उडीसाठी ओळखली जाई. आता ती क्वचितच उडते, पण नुसता हात उचलण्याआधी तिच्या खांद्यात जी तयारी दिसते, ती तेव्हाच्या उड्यांहून मला अधिक गुंतवून ठेवते. गाजलेल्या पाहुण्या संस्थेचा एखादा प्रयोग हे देऊ शकत नाही.

तुम्ही येणार असाल तर अगदी पहिल्या रांगेत बसू नका; मंच उंच असला तर तिथून पावले दिसत नाहीत. तिसरी किंवा चौथी रांग घ्या, शक्यतो थोड्या बाजूची. तिथून विंगेत परतलेल्या नर्तकांची छाती अजून वरखाली होत असलेली दिसते.