मशीन मारलेली गोधडी

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरायचे दिवस होते. डिचोलीचा बाजार सोलांनी, मिरच्यांनी आणि सुक्या बांगड्यांनी भरलेला, आणि माझं दुकान शाळेच्या युनिफॉर्मनी. चौदा पँटींना हुक लावायचे राहिले होते. तेवढ्यात पेडण्याचे ते काका दारात आले. बगलेत तीच चादरीत गुंडाळलेली गोधडी बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. दुरुस्त करून दिलेली वस्तू महिन्याभरात परत आली, तर गिऱ्हाईक आभार मानायला आलेलं नसतं.

काका भांडले नाहीत. पाटावर गोधडी पसरली आणि नुसतं म्हणाले, "बाय, एकदाच धुतली."

मी मशीन मारलेल्या प्रत्येक रेषेवर कापड फाटलं होतं. कसंही नव्हे, टपालाच्या तिकिटाची कड फाटते तसं, भोकाभोकांतून सरळ. शिवण शाबूत, दोरा शाबूत, आणि दोन्ही बाजूंचं कापड सुटलेलं.

गोधडी त्यांच्या आईच्या हातची. वर तिचं जांभळं नऊवारी, मध्ये मांजरपाट आणि कोणाकोणाची धोतरं, एका कडेला कुणबी कापडाचा तांबड्या चौकटीचा पट्टा. हे कापड आता फॅशन म्हणून मिरवतं, पण तेव्हा बायका ते खांद्यावर गाठ मारून नेसायच्या आणि विरलं की त्याची रवानगी गोधडीत व्हायची. एप्रिलमध्ये काकांनी ती आणली तेव्हा ठिकठिकाणी टाके उसवलेले होते. नातीला दिवस गेलेले, बारशाला बाळाखाली हीच वाकळ घालायची, असं त्यांच्या मनात होतं. (काका वाकळ म्हणतात, आमच्या घरी गोधडी. वस्तू एकच.) मी सोळा नंबरची सुई लावली, पॉलिएस्टरचा दोरा ओवला आणि तासाभरात उभ्या-आडव्या रेषा मारून चारशे रुपये घेतले. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, नवऱ्याचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हापासून या मशीननेच घर चालवलंय. तिने कधी दगा दिला नव्हता.

दुकानात त्या वेळी आणखी एक बाई होती. कोपऱ्यात कापणीच्या चिंध्या निवडत बसलेली. ती सिद्दी, मूळची कर्नाटकातल्या हळियाळकडची, जवळच्या काजूच्या कारखान्यात कामाला. महिन्यातून दोनदा यायची आणि चिंध्यांची पिशवी भरून न्यायची. मी फुकटच द्यायचे, कारण नाहीतर त्या जाळाव्या लागायच्या. चिंध्यांचं ती काय करते ते मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या बायका विचारायच्या त्या तिच्या केसांबद्दल आणि कोंकणीबद्दल. सिद्दी लोक घरात कोंकणीच बोलतात, पण तिचे हेल आमच्यापेक्षा वेगळे. ती कुठून शिकलीस, असं कोणी विचारलं की ती हसायची. तिच्या लोकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून याच गोव्यात उतरवलं होतं. त्यातले कित्येक पळून घाट चढले आणि उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात राहिले. म्हणजे कोंकणी शिकली कुठून, हे खरं तर आम्हालाच ठाऊक असायला हवं होतं.

ती उठून आली, गोधडीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "हें मशिनीन शिवलां?"

मी हो म्हटलं.

तिने बोटाने दाखवलं. माझ्या शिवणीत इंचाला दहा टाके, म्हणजे जुन्या कापडाला इंचाइंचात दहा भोकं. शिवाय मशीनचे दोन दोरे, वरचा आणि बॉबिनचा, एकमेकांना कापडात आवळून धरतात. धुताना कापड भिजून जड होतं, ओढ बसते, आणि पॉलिएस्टरचा दोरा काही तुटत नाही. मग तुटतं ते पन्नास वर्षांचं सुती. हे शब्द माझे. ती एवढंच म्हणाली की दोरा कापडापेक्षा दांडगा झाला. मग आईच्या हातचा एक टाका तिने नखाने हलवून दाखवला. एकच दोरा, खाली-वर, खाली-वर गेलेला धावदोरा, इंचाला तीन-चार टाके. ओढलं की तो थोडा सरकत होता, सोडलं की परत बसत होता. वीस वर्षं शिवणकाम करून मी धावदोऱ्याला कच्चा टाका म्हणत आले. आम्ही तो घालतो तोच मुळी नंतर काढून टाकायला.

"आधी तुझं सगळं काढ," ती म्हणाली.

दुपार त्यातच गेली. खालचा दोरा दर चार टाक्यांवर ब्लेडने कापायचा आणि वरचा हळूच ओढायचा, म्हणजे लांब सुटून येतो. तरी दोन ठिकाणी कापड आणखी गेलंच. काका स्टुलावर बसून चहा पीत बघत होते. मी चारशे रुपये परत केले, ते त्यांनी घडी करून खिशात घातले. एक पालक युनिफॉर्मसाठी ओरडून गेले.

मग तिने पिशवीतून कवंद काढलं. गोधडीला ते लोक कवंद म्हणतात. अर्धवट झालेलं होतं, आणि त्यात माझ्याच दुकानाच्या चिंध्या: कोणाच्या ब्लाउजचा हिरवा तुकडा, कोणाच्या मुंजीच्या सोवळ्याची कड. खाली जुनी साडी, आणि काम एका कोपऱ्यातून सुरू केलेलं. टाचणी नाही, खडूची रेघ नाही. तुकड्याची कड बोटाने आत मुडपायची, कापडावर ठेवायचा आणि सगळ्या थरांतून सुई घालत कडेकडेने पुढे जायचं. चारी बाजू झाल्या की आतली फेरी, मग तिच्या आतली, असं मध्यापर्यंत. तुकडा जोडणारा टाका आणि थर धरणारा टाका एकच. आम्ही आधी वरचं कापड जोडून घेतो आणि मग भरतो, म्हणून मध्ये झोळ येतो. तिच्यात झोळ यायला जागाच नव्हती, कारण कापड फेरीगणिक आत सरकत जात होतं.

काकांची गोधडी तिने तशीच दुरुस्त करायला घेतली. वर अख्खी नवी साडी घालून सगळं झाकून टाकूया, असं मी सुचवलं होतं. काका ताडकन म्हणाले, "मग आईचं लुगडं दिसायचं कसं?" त्यामुळे फाटलेल्या रेषांवर फक्त पट्ट्या घालायच्या असं ठरलं. तीन रविवार लागले. मी तिच्या शेजारी फरशीवर बसून शिवत होते. माझे टाके सरळ येत होते, तिचे वाकडे, आणि तरी हाताला तिची बाजू मऊ लागत होती. ते का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक मी दोरा ओढते.

शेवटी तिने कोपऱ्यांवर तिकोनी तुकड्यांच्या घड्या एकावर एक शिवायला घेतल्या. त्यांना ती फुलां म्हणते. तीन कोपरे झाले. चौथ्यावर काकांनी हात ठेवला. तिथे काळ्या दोऱ्याची बारीक फुली होती. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आईनेच घातलेली.

"हा राहू दे," काका म्हणाले.

"फुलां नासल्यार कवंद नागडें," ती म्हणाली. म्हणजे फुलांशिवाय कवंद नागडं.

"ही वाकळ आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दुकान माझं, चूक माझी. मी काळी फुली राहू दिली. ती काही बोलली नाही, चिंध्यांची पिशवी बांधून निघून गेली. या खेपेला मी तिला मजुरी म्हणून आठशे रुपये दिले होते. ते तिने घेतले, आणि वर पिशवीही नेली.

बारसं श्रावणात झालं, काका पेढे देऊन गेले. त्यानंतरच्या बाजाराला ती आली तेव्हा चिंध्यांकडे वळण्याआधी तिने ओच्यातून चार तिकोनी तुकडे काढून माझ्या पाटावर ठेवले. जांभळ्या लुगड्याला शोभतील असेच निवडलेले होते.

"तो म्हातारो परत येतलो मगो?"