संगमरवराचा काउंट किती?

हैदराबादला एकटीच चाललेय म्हटल्यावर आईचं सुरू झालं, एकटी? तिथं एकटी काय करणार? म्युझियम बघणार म्हटलं तर तिला ते अजूनच काळजीचं वाटलं. आमच्या सोलापुरात हैदराबादला जायचं म्हणजे चारमिनार, बांगड्या, बिर्याणी, नाहीतर कुणाचं तरी लग्न.

तर रात्रीची एसटी, नळदुर्ग उमरगा जहिराबाद, धड झोप नाही, सकाळी इमलीबन स्टँडला उतरून चहा-उस्मानिया बिस्किट, आणि मग चालतच सालारजंग म्युझियम. (शुक्रवारी बंद असतं, तेवढं बघून गेले होते.) यातलं बरंचसं तिसऱ्या सालारजंगानं, मीर युसुफ अली खाननं जमवलेलं. (सालारजंग हा निजामाच्या दिवाणांचा किताब.) १९४९ला तो गेला, लग्न केलेलं नव्हतं, १९५१ला त्याच्या दिवाण देवडी वाड्यातच म्युझियम उघडलं आणि १९६८ला या इमारतीत आलं. लग्न न करता माणसानं घड्याळं, तलवारी, हस्तिदंती खुर्च्या जमवल्या हे आईला सांगायची सोय नाही.

पहिले दोन तास मी नुसती पळत होते, पाटी वाच, फोटो काढ, पुढं. बाराला घड्याळापुढं बसले, सगळे बाकांवर शाळेसारखे बसलेले, एक इवलासा दाढीवाला बाहेर येतो, बारा टोले देतो न आत जातो. बास, एवढंच, पण टाळ्या! शेजारच्या आजी तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात वाढल्यामुळं निम्मं कळलं, निम्म्याला हसून मान डोलावली.

मग रेबेका. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची, पहिल्या सालारजंगानं १८७६ला रोममधून आणलेली. संगमरवरी बाई, चेहऱ्यावर पदर ओढलेला आणि त्या पदरातून नाक, ओठ, खाली घातलेली नजर दिसते. पदरसुद्धा त्याच दगडाचा! लोक येत होते, सेल्फी काढून जात होते. मी आपली उभारलेच. अण्णा आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, घरात कापड आलं की आधी अंगठा-बोटात चोळायचं मग किंमत विचारायची, त्यामुळं माझ्या डोक्यात आलं काय तर हे सूत किती काउंटचं, म्हणजे किती बारीक, असेल. हात शिवशिवत होता अक्षरशः. सोबत कुणी असतं तर पाच मिनिटात "चल की आता" झालं असतं, मी अर्धा तास तिथंच.

लाकडाचा तो दुतोंडी पुतळा पण बघितला, पुढून ऐटबाज मेफिस्टोफेलिस, म्हणजे फाउस्टच्या गोष्टीतला सैतान, मागून त्याच गोष्टीतली लाजरी मार्गारेटा, एकाच ओंडक्यातले, मागं आरसा ठेवलाय म्हणून दोन्ही दिसतात. नंतरची दालनं मात्र पाय दुखत असल्यानं उरकली, खरं सांगते.

घरी आल्यावर अण्णांना रेबेकाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा घातला, मोबाईल लांब धरला, फोटो मोठा करून पदर तेवढा बघितला, बराच वेळ.

"झोळ बरोबर पडलाय. उलट्या बाजूनं कसंय?"

अर्धा तास उभारले होते तिथं, पण मागं जाऊन काही बघितलं नव्हतं.